विली मेझची एकवीस कार्डं

जुन्या बेसबॉल कार्डांबद्दल मराठीत शोधलं तर काही सापडत नाही, आणि इंग्रजीत शोधलं तर सगळे पहिल्या वाक्यापासून गुंतवणुकीवर घसरतात. मला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. जून २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात मी बेसबॉलपटू विली मेझ यांची टॉप्स कंपनीची कार्डं (पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याचे आकडे) जमवली, १९५३ ते १९७३, दर वर्षाचं एक. कशी, कितीला आणि गाडी कुठे अडली ते लिहून ठेवते. कोणाला उपयोग झाला तर बरंच.

मेझ १८ जून २०२४ ला गेले, ९३ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात पालो अल्टोला. आम्ही फ्रीमाँटला राहतो, म्हणजे डंबार्टन पूल ओलांडला की पलीकडे. त्या संध्याकाळी जायंट्सची, म्हणजे मेझ यांच्या जुन्या संघाची, मॅच शिकागोत चालू होती आणि मधेच बातमी आली. दोनच दिवसांनी, २० जूनला, बर्मिंगहॅमच्या रिकवुड फील्डवर निग्रो लीगच्या (मुख्य लीगमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता तेव्हाची त्यांची वेगळी लीग) आणि मेझ यांच्या सन्मानार्थ सामना ठरलेला होता. याच मैदानावर १९४८ साली, शाळकरी वयात, ते ब्लॅक बॅरन्स या निग्रो लीगच्या संघाकडून खेळले होते.

माझे बाबा मे महिन्यात कोल्हापूरहून आले होते. त्यांना बेसबॉल म्हणजे 'नुसता फुलटॉस मारायचा खेळ'. टीव्हीवर मात्र १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेतला, मेझ यांचा तो झेल पुन्हा पुन्हा दाखवत होते. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, आठवी इनिंग, स्कोअर २-२, दोन गडी बेसवर. समोरच्या संघाच्या व्हिक वर्ट्झने चेंडू मधोमध, सव्वाचारशे फुटांच्या आसपास टोलावला. मेझ फलंदाजाकडे पाठ करून पळत सुटले, खांद्यावरून येणारा चेंडू पळता पळताच झेलला आणि वळून फेकलासुद्धा. बाबा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "अगं, हा तर कपिलने रिचर्ड्सचा घेतला तसा." त्यानंतर त्यांना सगळं ऐकायचं होतं. ६६० होमरन, १२ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस), २४ ऑल-स्टार सामने.

८ जुलैला जायंट्सच्या स्टेडियमवर, ओरॅकल पार्कवर, सार्वजनिक श्रद्धांजली होती, प्रवेश विनामूल्य. मी सुट्टी टाकली आणि बाबांना बार्टने (इथली लोकल) सॅन फ्रान्सिस्कोत एम्बार्काडेरोपर्यंत नेलं, पुढे पाण्याच्या कडेने चालत. स्टेडियमचा पत्ताच '२४ विली मेझ प्लाझा' आहे. २४ हा त्यांचा नंबर. जायंट्सचे नंतरच्या पिढीतले खेळाडू बॅरी बाँड्स बोलले. मेझ हे त्यांचे धर्मपिता. आमच्या शेजारी पंच्याहत्तरीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढून बाबांच्या हातावर ठेवलं. १९५८ चं, नंबर ५. चारही कोपरे झिजून गोल झालेले, मधे आडवी घडी. पाच सेंटच्या गमच्या पुडीत मिळालं होतं म्हणाले, लहानपणी. १९५८ म्हणजे जायंट्स न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला आले ते वर्ष. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात मेझना मिरालोमा ड्राइव्हवर घर घ्यायचं होतं, तेव्हा काळ्या माणसाला घर विकलं तर भाव पडतील म्हणून शेजाऱ्यांनी ओरड केली आणि मालकाने आधी नकारच दिला. प्रकरण पेपरात गाजलं, मग व्यवहार झाला. कार्डाच्या पाठीवर यातलं काही नाही, नुसती धावांची बेरीज आहे.

बाबांनी ते कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि परत देताना मला मराठीत म्हणाले, "छपाई चांगली आहे, कटिंग वाकडं आहे." त्यांची सगळी हयात छापखान्यात गेली. बार्टमध्ये परत येताना दोघांनी मिळून ठरवलं की अशी कार्डं बघायची.

पहिला प्रश्न, कुठून कुठपर्यंत? मेझ यांचं पहिलं कार्ड १९५१ चं, बोमन कंपनीचं, नंबर ३०५. मग १९५२ चं टॉप्स, नंबर २६१. ही दोन्ही फाटक्या अवस्थेतसुद्धा हजारो डॉलरची. ती पहिल्याच दिवशी यादीतून काढली. बोमन १९५५ पर्यंत कार्डं काढत होती, १९५६ मध्ये टॉप्सने ती कंपनीच विकत घेतली. म्हणून टॉप्स धरून चालायचं आणि १९५३ पासून सुरू करायचं असं ठरलं. १९५३ साल मेझ पूर्ण सैन्यात होते, एकही सामना नाही, तरी टॉप्सने कार्ड काढलंच होतं.

दुसरा प्रश्न किमतीचा. विकणारा किती मागतो याला काही अर्थ नाही. ईबेवर 'विकली गेलेली' एवढीच कार्डं दाखवण्याची सोय आहे, ती चालू करून शेवटचे आठ-दहा व्यवहार बघायचे. १८ जूनच्या रात्रीपासून भाव चढलेले होते. काहींनी तर त्याच रात्री आकडे बदलले असणार, हे बघून मला वाईट वाटलं. नवऱ्याला अजिबात वाटलं नाही. त्याचं म्हणणं, थांब, सप्टेंबरपर्यंत उतरतील. थोडे उतरले.

तिसरा प्रश्न अवस्थेचा. कार्ड तपासणाऱ्या कंपन्या १ ते १० गुण देतात. १ म्हणजे घड्या, फाटलेलं, मागचा कागद निघालेला. १० म्हणजे पुडीतून काढून तसंच ठेवलेलं. मेझ यांचं जुनं कार्ड आठ-नऊ गुणांचं घ्यायचं तर गाडीएवढे पैसे लागतात. मला १ ते ३ मधली कार्डं परवडत होती, आणि खरं सांगायचं तर तीच आवडत होती. कोणीतरी खिशात घालून फिरवलेली, बदल्यात घेतलेली. आम्ही बिग फनच्या बबलगममधल्या क्रिकेटपटूंच्या चित्रांचं जे केलं, तेच या पोरांनी केलं होतं. टॉप्ससुद्धा गमचीच कंपनी, ब्रुकलिनची. काही कार्डांवर गमचा तपकिरी डाग अजून आहे.

ऑगस्टमध्ये सुरुवात शेवटाकडून केली. १९७२ चं (नंबर ४९) आणि १९७३ चं (नंबर ३०५) कार्ड जवळच्या दुकानातून घेतलं, दोन्ही मिळून ७० डॉलर, वर आमच्या काउंटीचा सव्वादहा टक्के सेल्स टॅक्स. हा टॅक्स ऑनलाइनसुद्धा लागतो, बजेट करताना धरायचा. १९७२ च्या मे महिन्यात मेझ न्यूयॉर्क मेट्सकडे गेले, पण त्या वर्षीच्या कार्डावर ते जायंट्सच्याच वेशात आहेत. छपाई आधी झालेली. मेट्सचे मेझ १९७३ मध्ये दिसतात.

हे १९७३ चं कार्ड आमच्याकडे सगळ्यांत स्वस्त, पण बाबा सगळ्यांत जास्त वेळ त्याच्यावरच रमले. आधी त्यांना नंबर दिसला, ३०५. बोमनचं पहिलं कार्डही ३०५. मग त्यांनी विचारलं, एका तावावर किती कार्डं छापायचे? मी शोधलं, १३२. त्या वर्षीचा पूर्ण संच किती कार्डांचा? ६६०. "म्हणजे पाच ताव," ते म्हणाले. मग थांबले. "आणि याचे होमरन किती म्हणालीस?" ६६०. योगायोग, दुसरं काही नाही. पण कार्डाच्या पाठीवरच्या तक्त्यात बेरीज ६५४ आहे. कार्ड छापलं तेव्हा १९७३ चा हंगाम व्हायचा होता, उरलेले सहा त्या उन्हाळ्यात मारले आणि ते निवृत्त झाले. म्हणजे खेळत असतानाच्या एकाही कार्डावर ६६० हा आकडा नाही. तसाच १९४८ चा ब्लॅक बॅरन्सचा हंगामही कुठल्याच वर्षीच्या तक्त्यात नाही. निग्रो लीगचे आकडे मेजर लीगने (बेसबॉलची मुख्य लीग) आपल्या नोंदींत धरले ते थेट २०२४ च्या मे महिन्यात; मेझ यांच्या नावावर तेव्हा आणखी दहा हिट्स चढल्या. तीन आठवड्यांनी ते गेले.

सप्टेंबरात सॅन होजेजवळ एक कार्ड-शो होता. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, काचेच्या पेट्या. सूचना तीन. रोख न्या, कारण रोखीवर दहा-पंधरा टक्के सुटतात. दुपारनंतर जा, विक्रेत्यांना सामान परत न्यायचा कंटाळा आलेला असतो. आणि भिंग न्या. बाबांचं छापखान्यातलं दहापट भिंग त्यांच्या बॅगेत होतंच. का होतं, हे आम्ही विचारलं नाही.

भिंगाचा उपयोग असा. जुनं कार्ड ऑफसेटवर छापलेलं आहे. फोटो ठिपक्यांचा असतो, पण नाव आणि काळ्या रेषा स्वतंत्रपणे, भरीव शाईने आलेल्या असतात. १९६२ च्या कार्डाला (नंबर ३००) लाकडी फळीसारखी चौकट आहे. एका टेबलावर ते २५ डॉलरला होतं, निम्म्या भावात. बाबांनी भिंग टेकवलं, नावाचं पहिलं अक्षर बघितलं आणि मला बघायला दिलं. अक्षराच्या काळ्यात निळे, तांबडे, पिवळे ठिपके, कडा धूसर. "अक्षरात ठिपके आले की समजायचं, छापलेल्यावरून पुन्हा छापलंय." शेजारच्या टेबलावरचं बघितलं तर अक्षर डांबरासारखं भरीव, कड स्वच्छ. ते ६५ ला होतं, ६० ला मिळालं. विक्रेत्याने बाबांना विचारलं, तुम्ही किती वर्षं कार्डं जमवता? बाबा म्हणाले, "टू मंथ्स."

१९७१ च्या कार्डाला काळी किनार आहे आणि ती टवके उडून पांढरी पडते. काही लोक मार्कर पेनने ती काळी करतात. कार्ड आडवं धरून जाडीकडून बघायचं. शाई कागदाच्या गाभ्यात मुरलेली दिसली तर सोडून द्यायचं. आम्ही दोन सोडली, तिसरं घेतलं. १९६६ चं मात्र मिळेना. आदल्या वर्षी ५२ होमरन मारून मेझ सर्वोत्तम खेळाडू ठरले, म्हणून त्या संचात त्यांना नंबर १ दिलेला. पोरं कार्डं नंबराने लावून रबरबँड घालायची, तेव्हा सगळा दाब वरच्या कार्डावर. आमच्या १९६६ च्या कार्डाला दोन्ही कडांना रबराच्या खाचा आहेत, म्हणून ५५ ला मिळालं. टॉप्सला मोठ्या खेळाडूंना गोल आकडे द्यायची हौस होती: मेझ १९६० आणि १९६७ मध्ये २००, १९६२ आणि १९६३ मध्ये ३००, १९७० आणि १९७१ मध्ये ६००. सप्टेंबर १९६९ मध्ये त्यांचे ६०० होमरन पुरे झाले होते.

ऑक्टोबरात पन्नाशीच्या दशकाला हात घातला. इथे कार्डांचं माप बदलतं. १९५७ पासून अडीच बाय साडेतीन इंच, त्याआधी जरा मोठं, पावणेचार इंच उंच. जुन्या मोठ्या कार्डांसाठी प्लॅस्टिकची पाकिटंही वेगळी लागतात, नाहीतर घालताना कोपरा मुडपतो. आणि पाकिटं पीव्हीसीची नकोत, ती वर्षानुवर्षांत चिकटतात. १९५६ चं १६५ ला, १९५५ चं २३० ला, १९५४ चं २६० ला मिळालं. १९५४ च्या पाठीवर एका कोपऱ्यात अल्बमचा काळा कागद डिंकासकट राहिलाय. तो मी काढायच्या फंदात पडले नाही. (१९५६ च्या, ब्रेव्हज संघाच्या हँक एरन यांच्या कार्डावर मागे जो घसरत येणारा खेळाडू दिसतो, तो मेझ आहेत; अंगावर ब्रेव्हजचे कपडे रंगवलेत. बाबांना हे फार आवडलं. छापखान्यात निवडणुकीच्या पोस्टरवर असले उद्योग चालायचे म्हणे.)

मग १९५३. हे कार्ड म्हणजे फोटो नाही, रंगवलेलं चित्र आहे, आणि सगळ्यांत देखणंही तेच. कंपनीने तपासलेलं नव्हे, सुटं कार्ड एका विक्रेत्याकडून ६४० डॉलरला ठरलं. घरी आल्यावर बाबांनी पट्टी लावली. उंची जवळजवळ दीड मिलिमीटर कमी, आणि खालची कड बाकीच्या तिन्हींपेक्षा गुळगुळीत. "ही कड नंतर मारलीय. ब्लेडने." झिजलेली कड कापून कोपरे टोकदार करायची ही जुनी युक्ती. विक्रेता म्हणाला, कारखान्यातच कमीजास्त व्हायचं. तेही खोटं नाही. पण माझ्या वडिलांचा शब्द हा पुरावा होत नाही, म्हणून मी त्याच्याकडून ईमेलवर लिहून घेतलं: तपासणी कंपनीने कापलेलं ठरवलं, तर कितीही महिने लागोत, पूर्ण पैसे परत. हे लिहून घेणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण परतीची नेहमीची ३० दिवसांची मुदत तपासणीच्या रांगेतच संपते.

तपासणीसाठी पीएसए, एसजीसी आणि बेकेट ही नावं जास्त चालतात. मी कोणाकडे पाठवलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण रांगेबद्दल तक्रार आहे. पद्धत सगळीकडे साधारण सारखी. वेबसाइटवर खातं काढायचं, फॉर्ममध्ये वर्ष, कंपनी, नंबर, खेळाडू भरायचा आणि कार्डाची किंमत स्वतः जाहीर करायची. शुल्क या किमतीवर ठरतं. कमी सांगितली तर ते फरक लावतात आणि वाटेत हरवलं तर भरपाई तेवढीच. मी ६४० च लिहिली. कार्ड आधी पातळ पाकिटात, मग अर्धवट कडक 'कार्ड सेव्हर'मध्ये. जाड कडक पाकिटात घातलेलं त्यांना नको असतं. दोन्ही बाजूंना पुठ्ठा, फॉर्मची प्रत आत, दुसरी आपल्याजवळ.

पोस्टाने रजिस्टर्ड मेल केलं. सावकाश जातं, पण प्रत्येक हाताची सही होते. त्याला प्लॅस्टिकची टेप चालत नाही, तपकिरी कागदी टेपच लागते, कारण प्रत्येक जोडावर शिक्का मारतात आणि शाई बसली पाहिजे. हे आधी वाचलेलं होतं म्हणून एका फेरीत काम झालं. माझ्या पुढच्या बाईंना खोका घेऊन परत जावं लागलं. पोस्ट आणि तपासणी मिळून १०० डॉलरच्या वर गेले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाठवलं. बाबांची सहा महिन्यांची मुदत संपत आली होती, ते निकालाआधीच गेले. वेबसाइटवर कार्डाची अवस्था दिसते: पोचलं, नोंदणी, ओळख, तपासणी, मग डबीत बंद करणं. माझं 'नोंदणी'वर जे बसलं ते नाताळ उलटून गेला तरी तिथेच. फोन लावला तर 'रांगेत आहे'. रोज बघायची सवय लागते, ती लावून घेऊ नका, ईमेल येतोच. फेब्रुवारीत आला. निकाल: कापलेलं, गुण नाहीत. कोल्हापूरला व्हिडिओ कॉल केला तर बाबा एवढंच म्हणाले, "मग? त्यांना तीन महिने लागले होय." विक्रेत्याने थोडी कुरकुर केली, पण लेखी होतं. ६४० परत आले. तपासणी-पोस्टाचे गेले ते गेले.

नंतर एप्रिलमध्ये १९५३ चं आधीच तपासलेलं, डबीत बंद, १ गुणाचं कार्ड ७८० ला घेतलं. इतक्या किमतीचं कार्ड घ्यायचं तर माझं मत आता हेच, तपासलेलंच घ्यावं. दोनेकशे डॉलरच्या आतलं सुटं चालतं, भिंग असेल तर. बाकी ती डबी मला आवडत नाही. हातात प्लॅस्टिक येतं, कागद येत नाही.

एकूण खर्च टॅक्स आणि पोस्टेज धरून २,७०० डॉलरच्या आसपास, दहा महिन्यांत, जवळजवळ निम्मे १९५३ ते १९५५ च्या तीन कार्डांतच गेले. नवरा म्हणतो एवढ्यात दोघं कोल्हापूरला जाऊन आलो असतो. बरोबर आहे. प्रत्येक कार्ड पुढून-मागून स्कॅन करून पावतीसकट एका फोल्डरमध्ये ठेवलंय, कारण घराच्या विम्यात अशा संग्रहाला मर्यादा असते आणि काही झालं तर कागद मागतात. तुमच्या पॉलिसीत ती किती आहे ते बघून घ्या.

सुरुवात करायची असेल तर १९७२ किंवा १९७३ पासून करा, चाळीसेक डॉलरमध्ये खरंखुरं कार्ड हातात येतं. १९६७ चं माझ्याकडे चुकून दोनदा आलंय. मला १९५९ चं ४६४ नंबरचं हवंय, त्याच्यावर तो १९५४ चा झेल आहे. बे एरियात कोणाकडे असेल तर अदलाबदल करू, विकायचं नाही.